ज्याचे चित्र त्याच्या हाती

वेल्हे खोऱ्यातल्या एखाद्या जुन्या घरात पाऊल टाकले आणि डोळ्यांना आतल्या अंधाराची सवय झाली, की माजघराच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींच्या ओळीतच टांगलेली एक चौकट दिसते. चौकटीत घरातल्या दिवंगत कर्त्या पुरुषाचा अथवा आजीचा चेहरा असतो. कपाळावरचा गंध किंवा कुंकू मागाहून रंगाने रेखलेले असते, आणि चेहऱ्याच्या रेषा धुक्यातून पाहाव्यात तशा पुसट असतात. कारण तो चेहरा मुळात एवढा मोठा करण्यासाठी कोणी टिपलेलाच नसतो. शिधापत्रिकेसाठी, मतदार ओळखपत्रासाठी किंवा बँकेतल्या खात्यासाठी, म्हणजे कोठल्यातरी कचेरीत रुजू करण्यासाठी काढलेला टिकलीएवढा फोटो, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून वेगळा केलेला चेहरा, बाराव्याच्या आत घाईघाईने मोठा करून आणलेला असतो. ज्या माणसाने साठ-सत्तर पावसाळे या भुईत भाताची आवणी केली, त्याचे एकुलते एक चित्र दप्तराच्या गरजेपोटी निघाले, कोणाच्या हौसेपोटी वा मायेपोटी नव्हे, ही गोष्ट मला जितकी साधी तितकीच विषादाची वाटते.

आणि याच भोर-वेल्ह्याच्या मुलुखात, श्रावण सरून भाद्रपद लागला की, दर रविवारी छायाचित्रांचा केवढा सुकाळ होतो! पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडी फाट्याला नसरापूर-वेल्ह्याकडे आणि कापूरहोळला भोरकडे वळणाऱ्या गाड्यांत जितकी माणसे तितके कॅमेरे असतात, आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन धरला तर त्याहून अधिक. राजगडाच्या बालेकिल्ल्याची, तोरण्याच्या झुंजार माचीची, केळदजवळच्या मढे घाटातून खाली झेपावणाऱ्या धबधब्याची, भोरच्या पंतसचिवांनी १८६९ साली बांधलेल्या राजवाड्याच्या चौकाची, बनेश्वराच्या कुंडांची आणि रायरेश्वराच्या पठारावर उमललेल्या सोनकी-तेरड्याची अगणित चित्रे निघतात. खाचरात वाकलेल्या बायकांची आणि इरले पांघरून गुरांमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचीही निघतात. संध्याकाळ झाली की ती सगळी चित्रे महामार्ग गाठतात, आणि ज्यांची ती असतात त्यांच्याकडे ती पुन्हा कधीही येत नाहीत.

छायाचित्रणाचा छंद हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेला एक अत्यंत निर्मळ छंद आहे असे माझे दृढ मत आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी तो यथाशक्ति जोपासला आहे. म्हणूनच त्या छंदाच्या वतीने आणि त्या छंदाच्या उपासकांना उद्देशून मला एवढेच सांगावयाचे आहे की, कळ दाबली म्हणजे चित्र पुरे झाले असे नव्हे. ज्याचे चित्र त्याच्या हाती, कागदावर उतरलेले, नावानिशी आणि तारखेनिशी परत पोचते, तेव्हाच ते पुरे होते. आणि हा केवळ सौजन्याचा प्रश्न नसून, चित्राच्या गुणाचाच प्रश्न आहे.

हा छंद आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली ती १८३९ साली, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची रीतसर संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्ग निघाला, आणि त्या वर्गातून तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे वैद्यकाचे शिक्षण घेतलेले गृहस्थ त्या काळी काचेच्या तबकड्या आणि रसायनांच्या बाटल्या सांभाळत छायाचित्रे काढीत होते. आगगाडी ठाण्यापर्यंत धावू लागून दोन-तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

परंतु बागेतल्या निकटदर्शनाचा, म्हणजे लहानशी वस्तू अगदी जवळून टिपण्याचा, आपला आद्य उपासक कोण, असे मला कोणी विचारले, तर मी निःसंकोचपणे दादासाहेब फाळक्यांचे नाव घेईन. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या उद्योगाला भांडवल मिळावे, आपल्या हाती आलेल्या यंत्राची शक्ती धनकोला पटावी, म्हणून त्याआधी फाळक्यांनी घरी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा रोवला, आणि त्या रोपाच्या वाढीची चित्रे महिनाभराहून अधिक काळ धीराने, क्रमाक्रमाने टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्याशा पटात महिन्याची वाढ डोळ्यांदेखत घडते. भारतीय चित्रपटसृष्टीचे सारे वैभव ज्या दाण्यातून उगवले तो दाणा घरातल्या कुंडीतला होता, ही गोष्ट प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने मनात कोरून ठेवावी. फाळक्यांना हिमालय गाठावा लागला नाही. त्यांना जवळची वस्तू रोज पाहावी लागली. छंदाची सगळी शिस्त या ‘जवळची’ आणि ‘रोज’ या दोन शब्दांत आहे.

जवळून पाहणे म्हणजे नेमके काय, हे एका फुलावरून सांगतो. भोर तालुक्याच्या डोंगरउतारावर भाद्रपदात कवल्याची पिवळी फुले येतात. उभ्या माणसाला ती गवतातल्या पिवळ्या ठिपक्यांपलीकडे काही वाटत नाहीत. गुडघ्यावर बसले की पाकळ्या दिसू लागतात. आणि ओल्या मातीवर पालथे पडून भिंग वीतभर अंतरावर नेले, की वरच्या मोठ्या पाकळीच्या तळाशी, अगदी समोरासमोर, कोणी करंगळीने कुंकवाची बोटे उमटवावीत तसे दोन तांबडे डाग दिसतात. मधमाशीला वाट दाखविणाऱ्या त्या खुणा. अशा वेळी छायाचित्रकाराची खरी परीक्षा सुरू होते. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा आतल्या पटलावर उमटावी इतके जवळ गेले, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते, आणि भिंगातून आत येणारा प्रकाश दूरच्या दृश्याच्या मानाने चौथाईवर येतो. डाग स्पष्ट करावेत तर पाकळीची कड विरघळते, कड धरावी तर डाग हातचे जातात. वाऱ्याची झुळूक आली की फूल चौकटीबाहेर, आणि आपलाच श्वास सुटला की भिंग पुढे-मागे. म्हणून पहाटेची वेळ साधावी लागते, कारण तेव्हा वारा पडलेला असतो आणि दवाने जड झालेले चतुर व टाचण्या हे कीटक ऊन अंगावर येईपर्यंत काडीवरून हलत नाहीत. महागडे निकटदर्शी भिंग नसले तरी अडत नाही. जुने पन्नास मिलिमीटरचे भिंग एका स्वस्त कड्याच्या साहाय्याने उलटे बसवले तरी ते जवळचे उत्तम दाखविते, आणि कृत्रिम प्रकाश पांढऱ्या पातळ कागदातून गाळून घेतला तर पाकळीवर भगभगीत चट्टे उमटत नाहीत. या सगळ्या खटाटोपात तास जातो, अंगाला चिखल लागतो, गुडघे दुखतात, आणि तासभर एका फुलापुढे साष्टांग पडलेल्या माणसाचे मन ज्या रीतीने निवते, ती निवांतता दुसऱ्या फारच थोड्या उद्योगांत मिळते.

त्या कवल्याचे चित्र मी कागदावर उतरवून पुढच्या खेपेला बरोबर नेले होते, आणि रायरेश्वराच्या पायथ्याकडच्या एका वाडीत, ज्या घराच्या ओट्यावर पावसात आसरा घेत असे, तेथल्या आजींच्या हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांपासून दूर धरले, मग जवळ आणले आणि म्हणाल्या, “ह्यो तर कवला. पावसाच्या सुरवातीला ह्याची भाजी करत्यात. फुलावर आला की सोडून द्यायचा, मग त्यो जून हुतो.” ज्या वनस्पतीपुढे मी तासभर पालथा पडलो होतो, तिचे नाव मला ग्रंथातून ठाऊक होते, पण ती या घरात आषाढाच्या ताटातली भाजी आहे आणि तिचे फुलणे म्हणजे ताटातून तिची रजा घेणे आहे, हे मला त्या कागदाच्या तुकड्याने मिळवून दिले. चित्र माझ्या कपाटात राहिले असते तर ते अर्धेच राहिले असते.

त्याच दिवशी मी त्यांचे चित्र काढण्याची परवानगी मागितली. “माझा कशापाय काढतुयास? त्या फुलांचाच काढ की,” असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण उठून आत गेल्या, तोंड धुऊन, कुंकू नीट करून, डोक्यावरचा पदर सारखा करून परत आल्या, आणि ओट्याच्या कडेला बसल्या. मनुष्याचे चित्र काढण्यासाठी आपल्या खेड्यांतल्या ओट्यासारखी दुसरी जागा नाही असे मी अनुभवाने सांगतो. वरून कौलांची पागोळी, समोरून पावसाळी आभाळाचा पसरट, मऊ प्रकाश, आणि मागे माजघराचा काळोख. शहरातल्या स्टुडिओत दिवे आणि छत्र्या मांडून जे साधावे लागते ते येथे पडवीच्या रचनेतच साधलेले असते. मी पाच-सहा फूट अंतरावर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, खाली बसलो. कारण फार जवळून, रुंद भिंगाने टिपलेल्या चेहऱ्याचे नाक पुढे येते आणि कान मागे जातात, आणि उभ्याने खाली वाकून टिपलेला माणूस चित्रात लहान होतो, ही गोष्ट केवळ प्रमाणाची नाही. पहिली दोन-तीन चित्रे ओळखपत्रासारखीच निघाली, ताठ आणि धास्तावलेली. मग त्या नातीला काही सांगण्यासाठी किंचित वळल्या, आणि त्या वळण्यात त्यांचा चेहरा त्यांचा स्वतःचा झाला.

फुलाच्या पाकळीवरची शीर न शीर स्पष्ट यावी म्हणून जो माणूस श्वास रोखून धरतो, तोच माणूस आपल्या आजीच्या गालावरची सुरकुती फोनमधल्या सोयीने पुसून टाकतो आणि तिचा सावळा वर्ण दोन छटांनी उजळ करून घेतो, याचे मला अतिशय दुःख होते. सुरकुती हा चेहऱ्याचा दोष नव्हे, तो त्याचा दाखला आहे. ज्या न्यायाने आपण पान टिपतो त्याच न्यायाने माणूस टिपावा. निकटदर्शनाची आणि व्यक्तिचित्राची विद्या वस्तुतः एकच आहे. फरक इतकाच की फुलपाखराला आपले जवळ जाणे रुचले नाही तर ते उडून जाते, आणि माणूस मात्र, विशेषतः घरी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे ज्याच्या संस्कारात नाही असा खेड्यातला माणूस, भिडेपोटी बसून राहतो. म्हणून माणसाच्या बाबतीत विचारणे आणि परत देणे ही दोन बंधने छायाचित्रकाराने आपणहून स्वतःवर घालून घ्यावयाची असतात.

ते चित्र मी पुढच्या महिन्यात नेऊन दिले. मला वाटले होते की त्या स्वतःचा चेहरा न्याहाळतील. पण त्यांचे बोट चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, माजघराच्या काळोखात अर्धवट दिसणाऱ्या एका आकारावर जाऊन थांबले. “ही आमची कणगी. मालकांनी इणल्याली. औंदा खालून कुजली, मोडून टाकली.” बांबूची, शेणाने सारवलेली, वर्षाचे भात पोटात घेऊन उभी असलेली ती कणगी चित्र काढताना माझ्या खिजगणतीतही नव्हती, उलट मागची पार्श्वभूमी आणखी थोडी काळी निघाली असती तर बरे झाले असते असे मला वाटत होते. माझ्या लेखी जो चित्रातला दोष होता, तोच त्यांच्या लेखी त्या चित्राचा प्राण होता. कारण नवऱ्याच्या हातची ती शेवटची वस्तू आता त्या कोपऱ्याखेरीज कोठेही उरलेली नव्हती. त्या दिवसापासून मी मागची भिंत, चूल, उखळ, कोनाडा, दाराची कडी, यांतले काहीही काटून टाकत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते विचार करण्याजोगे आहेत. एक आक्षेप असा की, आधी विचारले तर माणूस सावध होतो आणि चित्रातला सहजपणा जातो. पहिल्या चित्रातला जातो हे खरे. पण जो दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा परत जातो, आणि मागच्या वेळचे चित्र हाती देतो, त्याच्यापुढे माणसे जितकी सहज होतात तितकी चोरून रोखलेल्या लांब भिंगापुढे कधीही होत नाहीत. दुसरा आक्षेप खर्चाचा. परंतु साधी पोस्टकार्डाएवढी प्रत चहाच्या एका पेल्याच्या आसपास पडते, आणि एका रविवारच्या सहलीला लागणाऱ्या इंधनाच्या पैशात शंभरेक माणसांची ऋणे फिटतील. तिसरा आक्षेप असा की, आता वाड्यावाड्यांवर फोन पोचले आहेत, चित्र तेथल्या तेथे पाठविता येते, मग कागद कशाला? पण निरोपांतून पाठविलेले चित्र वाटेत आक्रसते, शेकडो शुभेच्छांच्या गर्दीत चार दिवसांत खाली जाते, आणि फोन पाण्यात पडला किंवा बदलला की त्याचा मागमूस राहत नाही. कागदाला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, आणि ज्या आजीला फोनची कळ सापडत नाही तिला पेटीची कडी सापडते.

कागदाच्या मागे नाव आणि तारीख लिहिण्याबद्दल मी आग्रह धरतो त्याला या मुलुखातच एक मोठे कारण आहे. ज्या राजगडावर शिवछत्रपतींनी सुमारे पाव शतक राजधानी ठेवली, ज्या रायरेश्वरावर १६४५ साली स्वराज्याची शपथ घेतल्याची परंपरा सांगितली जाते, आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने ज्या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय केला, त्या मुलुखाचा तो अधिपती प्रत्यक्ष दिसे कसा, याविषयी महाराष्ट्र दीर्घकाळ चाचपडत होता. इब्राहीमखान नावाच्या भलत्याच एका माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचलित झाले होते, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा त्या चुकीचे निरसन झाले. चित्रावरचे नाव चुकले म्हणजे एवढा थोर पुरुषही आपल्याच लोकांत अनोळखी होऊ शकतो. मग ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा आपल्या आजोबा-पणजोबांची काय कथा! आपल्या घरातल्या जुन्या समूहचित्रांत मागच्या रांगेतला तिसरा गृहस्थ कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस एक दिवस जाते, आणि त्या दिवसापासून ते चित्र आपल्या कुटुंबाचे राहत नाही.

भोर-वेल्ह्याला तर विस्मृतीची धास्ती अधिकच आहे, कारण येथे माणसेच नव्हे तर गावेच्या गावे दृष्टीआड झाली आहेत. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी, अशी एकामागून एक धरणे या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत उभी राहिली. त्यांच्या पाण्यावर पुणे शहर आणि खालची बागायत पोसली गेली, आणि वरच्या गावांतले वाडे, पार, पाणवठे, स्मशाने पाण्याखाली गेली. भाटघरच्या जलाशयातले कांबरे येथील जुने देऊळ उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले म्हणजे थोडे दिवस उघडे पडते आणि पावसाने पुन्हा बुडते. त्या वेळी तेथे जाऊन चित्रे काढण्याची हौस पुष्कळांना असते. ते देऊळ निदान दर साल दर्शन तरी देते. पण त्याच्या आसपासची घरे, अंगणे आणि तेथे बसणारी माणसे यांची चित्रे ज्या काळी निघावयास हवी होती त्या काळी तेथे कॅमेरा पोचलाच नव्हता. आणि नियतीचा खेळ असा की, याच वेल्हे तालुक्यातले पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत घरादारांबरोबर कित्येक कुटुंबांचे चित्रसंग्रहही वाहून गेले किंवा चिखलाने माखून कायमचे निकामी झाले. ज्या घरांनी आपल्या चित्रांच्या प्रती बाहेरगावी, माहेरी, मावशीकडे वाटलेल्या होत्या, त्यांनाच त्यांतले काही परत मिळण्याची आशा उरली. वाटून दिलेले चित्र हेच टिकणारे चित्र, हा धडा पुराने शिकविला आहे.

जतनाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आपला प्रदेश दमट आहे. चार महिने धुवाधार पाऊस पडणाऱ्या या खोऱ्यांत भिंगावर बुरशीचे जाळे चढते आणि काचेला चिकटलेले चित्र सोडवू गेले तर रंगासह सुटून येते. म्हणून चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी असावी, चित्रे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर न ठेवता आतल्या भिंतीवर असावीत, आश्विनातले पहिले कोरडे वारे सुटले की पेटीतली चित्रे काढून सावलीत वारा दाखवावा, आणि मागची नोंद शाईने नव्हे तर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने करावी, म्हणजे ओल लागली तरी ती फुटत नाही.

आता माझी सूचना मांडतो. आमच्या लहानपणी, बडोद्यास तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत असे, आणि त्याच्या एका रोळावर बारा चित्रे निघत. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे वर्षाचा हिशेब मनाशी आधी होई. एक दिवाळीचे, एक नव्या बाळाचे, एक गावाहून आलेल्या आत्याचे, एक आंब्याला पहिला मोहोर आला त्याचे. आज फोनमध्ये दहा हजार चित्रे साठविणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाने तो बाराचा नेम पुन्हा घ्यावा, असे मी कळकळीने सुचवितो. हवी तितकी चित्रे काढावीत. परंतु वर्षाकाठी बारा निवडावीत, ती कागदावर उतरवावीत, मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि ती ज्यांची त्यांना नेऊन द्यावीत. त्यांतली निम्मी आपल्या घरच्या माणसांची असावीत आणि निम्मी आपण ज्यांच्या शेतात, ओट्यावर वा पठारावर पाहुणे म्हणून गेलो त्यांची. आणि ज्या गावांत आपण वर्षानुवर्षे जातो तेथल्या ग्रंथालयात अथवा शाळेत एकेक जादा प्रत ठेवावी.

येथल्या तरुण मुलामुलींना तर मी अधिक सांगेन, कारण पाहुण्याला जे कधीही साधणार नाही ते त्यांना साधेल. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, मृगाच्या आधी चार-आठ रात्री झाडे उजळून टाकणारे काजवे, आवणीचा पहिला दिवस, आंबेमोहराची झोडणी, यांना रविवारची सवड नसते. त्यांच्यासाठी तेथे राहावे लागते. मृगाचा पाऊस पडला की अंगणात मखमलीच्या तुकड्यासारखा तांबडा किडा निघतो, त्याचे मोठे चित्र जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर लागले तर पोरे त्याचे पाय मोजतील आणि त्यांना सहा नव्हे, आठ पाय सापडतील. मग तो कीटकांच्या नव्हे तर कोळ्याच्या गोतातला आहे हे गुरुजींना पुस्तक न उघडता शिकविता येईल. आणि पाहुण्यांनीही काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पठारावर मळलेली वाट सोडून फुलांत झोपू नये, काडीवरचा कीटक चित्र बरे यावे म्हणून हातात धरू नये, काजव्यांवर विजेरीचा झोत टाकू नये, कारण त्यांचे लुकलुकणे हे त्यांचे एकमेकांस बोलावणे असते आणि आपल्या उजेडात ती हाक बुडते. रायरेश्वरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जंगमांच्या घरांपुढून जाताना, ते पठार देखावा होण्यापूर्वी कोणाचे तरी अंगण आहे, याचे भान असावे.

त्या वाडीतल्या आजींकडे मी अद्याप जातो. दिलेले चित्र भिंतीवर लागले असेल असे मला पहिल्यांदा वाटले होते; पण जित्या माणसाची तसबीर देवांच्या ओळीत लावू नये, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी नातीला पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढावयास सांगितली. पेटीत एका कापडी दप्तरात सातबाऱ्याचे उतारे होते, जुन्या खरेदीखताची घडी होती, शिधापत्रिका होती, आणि या कागदांच्या मधोमध, वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेले, ओट्यावर किंचित वळून बसलेल्या आजींचे आणि मागच्या कणगीचे ते चित्र होते. नातीने ते उलटे करून मला दाखविले. मी लिहिलेल्या तारखेखाली तिने शाळेतल्या अक्षरात दोन नावे घातली होती: एक आजीचे, आणि दुसरे कणगी विणणाऱ्या आजोबांचे.